‘साभार’ लिहिलं होतं, तरी नोटीस का आली?

प्रश्न, थोडक्यात : “मी कोथरूडला राहणारा निवृत्त मुख्याध्यापक. सहा वर्षांपासून जुनं पुणं आणि मराठी कविता यांवर एक वेबसाइट पदरमोड करून चालवतो. जाहिराती नाहीत, एक रुपयाची कमाई नाही. प्रत्येक फोटोखाली आणि कवितेखाली न चुकता ‘साभार’ लिहितो. तरी मागच्या आठवड्यात एका छायाचित्रकाराचा ईमेल आला : शनिवारवाड्याचा फोटो माझा आहे, सात दिवसांत २५,००० रुपये भरा, नाहीतर पोलिसांत जातो. माझं काय चुकलं? आणि साइटवरचं बाकीचं काय ठेवू, काय काढू?”

सर, पुढे वाचण्याआधी तो फोटो उतरवा. उतरवण्यापूर्वी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तारीख-वेळ लिहून ठेवा. फोटो नुसता पानावरून काढू नका, सर्व्हरवरच्या मीडिया फोल्डरमधूनही काढा. नाहीतर पानावर दिसेनासा झालेला फोटो त्याचा थेट पत्ता टाकला की जसाच्या तसा उघडतो, आणि समोरचा वकील नेमकं तेच करून बघतो. पैसे आज भरू नका. ‘काय करायचं ते करा’ असं उत्तरही धाडू नका. शिवाजीनगर कोर्टात वकिलीची इतकी वर्षं काढल्यावर सांगते, मूळ चूक चारआण्याची असते आणि प्रकरण चिघळतं ते अशा एका तिरसट ओळीमुळे.

आता ‘साभार’बद्दल. मराठी वेबसाइटवाल्यांची या शब्दावर फार श्रद्धा. ‘साभार : इंटरनेट’, ‘साभार : व्हॉट्सअॅप’, ‘फोटो : गुगल’. गुगल फोटो काढत नाही आणि इंटरनेट कविता लिहीत नाही. शिवाय संपादकाकडून ‘साभार परत’ आलं, की त्यातल्या साभारचा अर्थ चक्क नकार असायचा, हे तुमच्या पिढीला मी सांगायला नको!

कायद्याच्या हिशेबात निर्मात्याची आपल्यावर दोन वेगवेगळी देणी असतात. एक नावाचं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो, अगदी त्याने बाकीचे हक्क विकले तरी. दुसरं देणं परवानगीचं. कृतीच्या प्रती काढणं, ती लोकांपर्यंत पोचवणं, तिचं भाषांतर करणं हे हक्क कलम १४ ने मालकाला दिलेत आणि त्याला न विचारता ते वापरणं हे कलम ५१ प्रमाणे उल्लंघन. ‘साभार’ने फार तर पहिलं देणं फिटतं. शेजाऱ्याची स्कूटर न विचारता नेली आणि मागे पाटी लावली, ‘स्कूटर कुलकर्णींची, साभार’. कुलकर्णी काय म्हणतील?

तुम्ही तर नावही दिलेलं नाही. तुमच्या पानावर ‘साभार : व्हॉट्सअॅप’ आहे. तो फोटो मी मोठा करून पाहिला. उजवीकडे खाली, दगडाच्या रंगात मिसळलेली पांढरी अक्षरं आहेत. शेवटची तीन उरलीत, आधीची कातरली गेलीत. ते काम तुमचं नसणार, फोटो फिरत फिरत आला तेव्हाच तसा असेल. पण तुमची साइट सांभाळणाऱ्या मुलाला विचारून घ्या. मालकाची खूण जाणूनबुजून काढणं हा कलम ६५-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितलीय. फोटोच्या कोपऱ्यात अर्धवट अक्षरं दिसली की तो फोटो घ्यायचा नाही, एवढी सवय लावून घेतलीत तरी निम्मी डोकेदुखी टळेल.

शनिवारवाडा कुणा एकाचा नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. इमारतीचा किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला कलम ५२ मोकळीक देतं. पण ती फोटो काढणाऱ्याला आहे. दिल्ली दरवाजासमोर तुम्ही स्वतः मोबाइल घेऊन उभे राहिलात की तो फोटो तुमचा. दुसऱ्याने पहाटे उठून, पावसाची वाट बघून काढलेला त्याचा.

‘कमाई नाही’ हा मुद्दा तुम्ही ईमेलमध्ये तीनदा लिहिलाय. त्याचा उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. ना नफा म्हणून उल्लंघन माफ, असं कायद्यात कुठेही नाही. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा कोर्टाला आहे, तिथे तुमची पदरमोड कामी येते. पोलिसांची धमकी पोकळ समजू नका. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. ‘जाणूनबुजून’ हा शब्द त्या कलमाचा कणा आहे. ईमेल येईपर्यंत फोटो कुणाचा हे तुम्हाला माहीत नव्हतं, पण ईमेल आल्यावर आठ दिवस तो तसाच ठेवलात तर हे म्हणता येणार नाही. दिवाणी बाजूलाही तसंच. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायला काही कारणही नव्हतं, हे सिद्ध केलंत तर कलम ५५ खाली भरपाईचा बोजा हलका होतो. कोपऱ्यात अर्धी सही असलेल्या फोटोबाबत तुम्ही ते सिद्ध करू शकाल असं मला वाटत नाही.

शिक्षक म्हणून तुम्हाला दुसरी एक सवलत आठवली असेल. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हे उल्लंघन नाही. खरं आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने ही सवलत बऱ्यापैकी सैल हाताने वाचली. पण तिथे वर्ग होता, अभ्यासक्रम होता. जगाला उघडी असलेली वेबसाइट म्हणजे दहावी ‘अ’ नव्हे.

मग त्या छायाचित्रकाराला काय लिहायचं? दोनच परिच्छेद. पहिल्यात : फोटो अमुक तारखेला, अमुक वाजता काढला, तो आमच्याकडे निनावी आला होता, दिलगीर आहोत. दुसऱ्यात : फोटो आपलाच असल्याचं दाखवणारी मूळ फाइल किंवा आपण तो आधी प्रसिद्ध केला ती जागा कृपया कळवा, आणि वेबसाइटवरच्या वापरासाठी आपण एरवी किती मानधन घेता तेही. बस्स. ‘चोरी झाली’ असं लिहू नका, ‘आमचा काही संबंध नाही’ असंही लिहू नका. मालकी खरी निघाली तर बोलणी त्या नेहमीच्या दरापासून सुरू होतात, २५,००० पासून नाही. मालकी खोटी निघाली, तर बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तुम्हालाच कोर्टात जायची सोय कलम ६० मध्ये आहे. दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून सांगत नोटिसा धाडणारेही आहेत, म्हणून आधी पुरावा मागायचा. आणि छायाचित्रकार बाहेरगावचा आहे म्हणून निवांत राहू नका. कलम ६२ मुळे मालकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो. तारखांना प्रवास तुम्हाला घडेल.

या बाबतीत मी स्वतःही धुतल्या तांदळाची नाही. माझ्या ऑफिसची वेबसाइट करणाऱ्या मुलाने पहिल्याच पानावर न्यायाधीशाच्या लाकडी हातोड्याचा झकास फोटो टाकला होता. (तो हातोडा आपल्याकडच्या कोर्टात मी एकदाही पाहिलेला नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.) दीड वर्षाने परदेशातल्या एका फोटो एजन्सीचं पत्र आलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, गुगलवर होता.” साइट माझ्या नावावर, जबाबदारी माझी. घासाघीस केली आणि पैसे भरले. कॉपीराइटच्या वकिलाने. तेव्हापासून साइट करून देणाऱ्याच्या बिलाबरोबर प्रत्येक फोटो, फॉन्ट आणि थीम कुठून आणली याची यादी मागते. यादी नाही तर शेवटचा हप्ता नाही.

फॉन्टचं नाव ऐकून दचकला असाल. डीटीपीसाठी विकत घेतलेला देवनागरी फॉन्ट वेबसाइटवर चढवण्याचा परवाना बहुतेकदा वेगळा असतो. मुक्ता, बालू, नोटो हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत, त्यातला एक घ्या आणि विषय संपवा.

आता कविता. इथे तुमचं काम सगळ्यात जास्त आहे आणि सगळ्यात सोपंही, कारण हा नुसता वर्षांचा हिशेब आहे. कवी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून कॉपीराइटची ६० वर्षं मोजायची, मग कविता सगळ्यांना खुली. आधी ही मुदत ५० होती. १९४१ मध्ये गेलेल्या रवींद्रनाथांचं साहित्य खुलं व्हायची वेळ आली, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढली. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८, गोविंदाग्रज १९१९ : हे सगळे खुले, पूर्ण कविता टाका. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून खुले. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७ पासून. अत्रे १९६९ साली गेले, त्यांना हात लावायला १ जानेवारी २०३० उजाडावं लागेल. गदिमांसाठी २०३८ आणि कुसुमाग्रजांसाठी २०६०. तुमच्या साइटवर कुसुमाग्रजांच्या अकरा पूर्ण कविता आहेत, मी मोजल्या. त्या काढाव्या लागतील, किंवा हक्कदारांकडून लेखी परवानगी मिळवावी लागेल.

बहिणाबाईंचा हिशेब जरा वेगळा. त्या गेल्या १९५१ साली आणि कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. कवीच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रसिद्धीपासून धरतात, म्हणून ती मुदत २०१२ च्या अखेरीस संपली. आज फरक पडत नाही, पण एखाद्या कवीच्या वहीतल्या कविता त्याच्या नातवाने परवा छापल्या, तर हा नियम आठवा.

खुल्या कवितेचं पुस्तक मात्र खुलं असतंच असं नाही. तुकोबांचे अभंग कुणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या संपादकाने पाठभेद तपासून, अर्थ आणि टिपा लिहून काढलेल्या आवृत्तीतल्या त्या टिपा त्याच्या. किती कष्ट केले यापेक्षा स्वतःची थोडीतरी निर्मिती आहे का, हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कोर्टाच्या निकालांच्या संपादित आवृत्त्यांबद्दलच ठरवलं. मोडी कागदांचंही तेच. पेशवाईतल्या पत्राला कॉपीराइट नाही, पण त्याबरोबर छापलेली अभ्यासकाची प्रस्तावना आणि टिपा उचलू नका. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडून कागदाची प्रतिमा घेतलीत, तर त्यांच्या अर्जावरच्या अटीही वाचा. तो कॉपीराइटचा नाही, कराराचा मामला आहे, आणि करार मोडणंही महागात पडतं.

ज्यांची मुदत संपलेली नाही त्या कवींबद्दल लिहायचंच नाही का? अवश्य लिहा. समीक्षेसाठी, रसग्रहणासाठी उचित वापर कायद्याला मान्य आहे. चार ओळी उद्धृत करून त्यांवर तुम्ही दोन पानं लिहिलीत, कवीचं नाव दिलंत, तर कुणी काही म्हणणार नाही. पूर्ण कविता देऊन खाली ‘किती सुंदर!’ लिहिलंत तर ते रसग्रहण होत नाही. ‘दहा टक्के चालतं’, ‘तीस सेकंद चालतात’ असले आकडे पेठापेठांतून फिरतात, कायद्यात असा एकही आकडा नाही. किती घेतलं, का घेतलं आणि त्यामुळे मूळ पुस्तक घ्यायची गरज उरली का, असं कोर्ट एकत्र तोलतं.

पानशेतच्या पुराचे फोटो हा तुमच्या साइटचा सगळ्यात वाचला जाणारा भाग दिसतो. १२ जुलै १९६१ चे ते चौदा फोटो. ‘साठ वर्षं झाली की’, असं तुम्ही म्हणाल. झाली, पण मध्ये २०१२ आलं. तोवर फोटोची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजायचे. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं, आणि आता फोटोही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित. ज्यांची मुदत त्याआधीच संपली होती ते सुटले. म्हणून माझा ढोबळ नियम : १९५१ किंवा त्याआधी छापून आलेला फोटो बिनधास्त वापरा. त्यानंतरच्या फोटोबाबत तो काढणारा कोण आणि तो कधी गेला, हे शोधा. १९६१ साली तिशीत असलेला छायाचित्रकार नव्वदीपर्यंत जगला असेल तर त्याचा फोटो या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत अडकलेला आहे.

वर्तमानपत्रातले पाच फोटो वेगळे ठेवा. छायाचित्रकार पगारी असेल तर वृत्तपत्र-मासिकांत छापण्याचे हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे असतात आणि बाकीचे, वेगळा करार नसेल तर, छायाचित्रकाराकडे, तेव्हा परवानगी दोघांकडेही मागायची. मागा, सर. पुराच्या आठवणींसाठी एक निवृत्त शिक्षक विचारतो आहे म्हटल्यावर पुष्कळदा फुकट मिळते. उरलेले फोटो वाचकांच्या घरच्या अल्बममधले आहेत. अल्बम ज्याच्या कपाटात त्याचाच हक्क, असं नसतं. काकांनी स्वतः काढलेला फोटो काकांचा आणि त्यांच्या पश्चात वारसांचा. मात्र पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे आजोबांच्या लग्नाचा स्टुडिओतला फोटो नातवाने दिला आणि बाकी वारसांची हरकत नसेल, तर चिंता नाही.

वाचक तुम्हाला आठवणी लिहून पाठवतात, त्यांच्याकडून तुम्ही काहीच लिहून घेत नाही. लेख पाठवला म्हणजे साइटवर टाकायला हरकत नाही एवढं समजून चालता येईल, पुढचं नाही. उद्या त्याचं पुस्तक काढलंत तर? लेखी परवानगीत मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचे निम्मे वाचक न्यू जर्सीत! परवान्यासाठी ईमेल पुरतो, पूर्ण हक्क लिहून घ्यायचे तर सहीचा कागद लागतो. पूर्ण हक्क तुम्हाला नकोच आहेत. एवढ्याच ओळी मागवा : ‘हा लेख व सोबतचे फोटो माझे स्वतःचे आहेत. ते आपल्या वेबसाइटवर जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, माझ्या नावासह प्रसिद्ध करण्यास माझी परवानगी आहे. माझे इतर हक्क माझ्याकडेच राहतील.’ पुस्तक मनात असेल तर ‘पुस्तकरूपानेही’ हे आत्ताच घाला.

शनिवारवाड्याच्या पानावर पुन्हा फोटो हवा असेल तर एखाद्या सकाळी पीएमपीने जाऊन स्वतः काढून आणा. नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. तिथल्या पुष्कळ फोटोंना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची परवानगी मालकाने आधीच देऊन ठेवलेली असते. त्यातला ‘सीसी बाय’ किंवा ‘सीसी बाय-एसए’ या प्रकारचा परवाना असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि त्याचा दुवा, आणि काही बदल केला असेल तर तसा उल्लेख, इतकं फोटोखाली लिहायचं. तुमचं लाडकं ‘साभार’ इथे खरंच चालतं, कारण या माणसाने परवानगीचं मोल म्हणून नावच मागितलं आहे.

तुमचा लेख कुणी ढापल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याच कायद्याने तुम्हीही मालक आहात, नोंदणी केलेली असो वा नसो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क पडतं, आणि वाद झाल्यास ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. त्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि साइटचालकाला साध्या मराठीत लेखी कळवा. ऐकलं नाही तर त्याच्या होस्टिंग कंपनीला किंवा गुगलला काढण्याची विनंती करता येते, त्याचे फॉर्म असतात. ते प्रकरण पुढच्या महिन्यात बघू.

आधी हे उरकू या. छायाचित्रकाराचा ईमेल मला स्क्रीनशॉट काढून नको, थेट फॉरवर्ड करा, मूळ पत्ता आणि वेळ त्यात राहते. आणि तो फोटो तुम्हाला ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, ते चॅट अजून असेल तर पुसू नका.